जुन्या टू मीटर हॅम रेडिओ सेटला सीटीसीएसएस टोन बसवला, माझा अनुभव
सिग्नल पोचतोय पण रिपीटर (सिग्नल घेऊन पुन्हा दूरवर पाठवणारं केंद्र) उघडतच नाही, कारण त्याला आवाजासोबत 88.5 हर्ट्झचा सीटीसीएसएस टोन, म्हणजे सतत जाणारा खालच्या पट्टीचा सूर, हवा आणि माझ्या जुन्या सेटमध्ये टोन नाहीच. एन्कोडर बोर्ड, म्हणजे हा टोन तयार करणारं सर्किट, आधी माइकच्या पिनवर जोडला, लेव्हल वाढवून पाहिली, तीन रविवार गेले, जाम वैताग आला. माइक अँप 300 हर्ट्झखालचं बहुतेक सगळं कापतं हो! मग बोर्डाला सप्लाय फक्त ट्रान्समिटला येणाऱ्या 8 व्होल्टवरून दिला, आउटपुट 1 मायक्रोफॅरड कपॅसिटर आणि 100 के रेझिस्टरमधून डेव्हिएशन (आवाजाने फ्रिक्वेन्सी किती हलते ते) ठरवणाऱ्या प्रीसेटच्या मधल्या पायावर, म्हणजे आवाज मर्यादित करून गाळणाऱ्या लिमिटर-फिल्टरच्या नंतर, सोल्डर केलं. शेवटी लेव्हल शून्यावरून हळूहळू वाढवली, रिपीटर उघडला तिथून किंचित वर ठेवली, 500 ते 700 हर्ट्झ डेव्हिएशन पुरतं, जास्त झालं की आवाजाखाली गुणगुण येते.