या चुका टाळा: पहिला प्रोग्राम चालण्याआधीच अडवणाऱ्या एरर

प्रोग्रामिंग शिकायला बसलेल्या माणसाची पहिली झटापट लूप किंवा फंक्शनशी होत नाही, ती इन्स्टॉलेशनशी होते. व्हिडिओत शिकवणाऱ्याचं सगळं पहिल्या फटक्यात चालतं, आपल्याकडे मात्र लाल अक्षरं येतात. दोन संध्याकाळी अशा गेल्या की माणूस ठरवून टाकतो, हे आपलं काम नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण तोवर त्याने प्रोग्रामिंग केलेलंच नसतं.

नवशिक्यांच्या शेजारी बसून या एरर सोडवताना मी एकच प्रश्न आधी विचारते: आत्ता नेमका कुठला प्रोग्राम चालतोय, आणि तो कुठल्या फोल्डरमधला आहे? बहुतेक गुंते या प्रश्नाशी येऊन सुटतात. उदाहरणं मुख्यतः पायथनची घेते, कारण बरेचजण तिथूनच सुरुवात करतात. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

एरर आली की लगेच पुन्हा इन्स्टॉल करणं

सगळ्यांत जास्त वेळ खाणारी चूक हीच. एका मुलाने माझ्यासमोर लॅपटॉप ठेवला. पांडाज, म्हणजे पायथनमध्ये वेगळं घालावं लागणारं एक पॅकेज (तयार कोडचा संच), चालत नव्हतं. टर्मिनल म्हणत होतं ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’, आणि एडिटरमध्ये तोच प्रोग्राम चालवला की ‘मॉड्यूल नॉट फाउंड एरर: नो मॉड्यूल नेम्ड पांडाज’. त्याने पायथन तीनदा उतरवून घेतलं होतं. मी कमांड प्रॉम्प्टवर ‘व्हेअर पायथन’ टाइप करायला सांगितलं. चार ओळी आल्या, म्हणजे चार वेगवेगळी ठिकाणं: ३.९, ३.११, ॲनाकोंडा या तयार संचासोबत आलेलं त्याचं स्वतःचं पायथन, आणि विंडोजची एक नुसती पाटी, जिच्यामागे पायथन नव्हतंच. पिपने (पायथनची पॅकेजेस घालणारा प्रोग्राम) पांडाज ३.११ मध्ये नेऊन ठेवलं होतं, एडिटर ३.९ चालवत होता. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते. प्रत्येक नव्या इन्स्टॉलेशनने गोंधळात एकाची भर पडली होती, एवढंच.

इलाज दोन मिनिटांचा होता. त्याच्या एडिटरमध्ये, म्हणजे व्हीएस कोडमध्ये, कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबून ‘पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर’ निवडायचं आणि यादीतून ३.११ घ्यायचं. शंका उरली तर प्रोग्राममध्येच ‘इम्पोर्ट सिस’ लिहून ‘सिस.एक्झिक्युटेबल’ प्रिंट करायचं. चालणाऱ्या पायथनचा पूर्ण पत्ता समोर येतो. आणि यापुढे नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ न म्हणता ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल पांडाज’ म्हणायचं. त्यामुळे ज्या पायथनला आपण हाक मारतो, त्याच्याच घरात पॅकेज जातं.

पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्याच दुसऱ्या टर्मिनलमध्ये, ‘व्हेअर पायथन’ टाइप केलं तर काहीच छापलं जात नाही, कारण तिथे ‘व्हेअर’ या शब्दाला वेगळं काम नेमून दिलं आहे. तिथे ‘व्हेअर.ईएक्सई पायथन’ लिहा. मॅक आणि लिनक्सवर ‘व्हिच -ए पायथन३’.

पाथ म्हणजे काय ते न समजता पाथला हात लावणं

‘पायथन इज नॉट रेकग्नाइज्ड ॲज ॲन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड’. या वाक्याने घाबरू नका. टर्मिनलमध्ये एखादं नाव टाइप केलं की संगणक अख्खी डिस्क शोधत बसत नाही. त्याच्याकडे फोल्डरांची एक यादी असते, तिला पाथ म्हणतात. यादीतल्या फोल्डरांत तो क्रमाने डोकावतो, पहिल्यांदा जिथे ते नाव सापडेल तिथलं चालवतो आणि पुढे पाहत नाही. म्हणजे वरच्या वाक्याचा अर्थ ‘पायथन नाही’ असा नाही. ‘यादीतल्या फोल्डरांत पायथन दिसलं नाही’ असा आहे.

विंडोजच्या इन्स्टॉलरच्या पहिल्याच स्क्रीनवर, अगदी खाली, पायथन पाथमध्ये घालण्याचा चौकोन असतो. तो रिकामाच असतो आणि घाईत सुटतो. इन्स्टॉलर पुन्हा उघडून ‘मॉडिफाय’ निवडलं की पुढे हाच पर्याय परत मिळतो. पण हे केल्यावरही तीच एरर येते असं अनेकजण सांगतात. कारण आधीपासून उघडं असलेलं टर्मिनल जुनीच यादी धरून बसलेलं असतं. ते बंद करून नवीन उघडा. व्हीएस कोडच्या आतलं टर्मिनल वापरत असाल तर अख्खा व्हीएस कोड बंद करून उघडा.

पायथन टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडत असेल, तर ती वर सांगितलेली पाटी. सेटिंग्जमध्ये ‘ॲप एक्झिक्युशन एलियसेस’ शोधा आणि पायथनच्या नावापुढची बटणं बंद करा.

एक इशारा मात्र मनापासून देते. ‘सेटएक्स’ कमांडने पाथ बदलायचा सल्ला कुठे दिसला तर तो घेऊ नका. ही कमांड १०२४ अक्षरांच्या पुढचं कापून टाकते, आणि पाथ सहज त्याहून लांब असतो. शेपूट तुटली की कालपर्यंत चालणारी इतर साधनंही गायब होतात. त्याऐवजी विंडोजची ‘एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स’ (पर्यावरण चलं) ही खिडकी उघडायची, पाथ निवडायचा आणि ‘न्यू’ दाबून एक ओळ वाढवायची.

सगळ्यांत नवी आवृत्ती घेणं, आणि सगळं एकाच ठिकाणी कोंबणं

पायथनची दर वर्षी नवी आवृत्ती येते. ती आल्या आल्या सगळी पॅकेजेस तिच्यासाठी तयार नसतात. मग पिप ते पॅकेज आपल्याच संगणकावर बांधायला घेतो आणि विंडोजवर ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० किंवा त्यापुढचं हवं’ अशी मागणी करतो. नवशिक्या बिचारा काही जीबींची साधनं उतरवत बसतो. त्यापेक्षा एक आवृत्ती मागची घ्या. प्रश्न बहुधा तिथेच मिटतो.

प्रत्येक प्रोजेक्टसाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (थोडक्यात वेन्व्ह), म्हणजे त्या प्रोजेक्टपुरता पॅकेजेसचा स्वतंत्र फोल्डर, करण्याची सवय पहिल्या आठवड्यातच लावा. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘पायथन -एम वेन्व्ह .वेन्व्ह’, मग ते चालू करायचं. टर्मिनलच्या ओळीच्या सुरुवातीला कंसात त्याचं नाव दिसलं तरच ते चालू आहे. पॉवरशेल ‘रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड’ म्हणून अडवत असेल तर ‘सेट-एक्झिक्युशनपॉलिसी -स्कोप करंटयूजर रिमोटसाइन्ड’ एकदा चालवा. हा बदल फक्त तुमच्या खात्यापुरता राहतो. वेन्व्हचा फोल्डर उचलून दुसरीकडे नेऊ नका. त्याच्या आत जुने पत्ते कोरलेले असतात. नव्या जागी नवा बनवा.

डेबियन १२ आणि अलीकडच्या उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर थेट पिप वापरलं की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट’ अशी एरर येते. ही बिघाडाची खूण नाही. तिथलं पायथन ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच्या कामासाठी वापरते, म्हणून ते राखलेलं आहे. पुढे ‘सुडो’ (ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणारा शब्द) लावून किंवा जबरदस्तीचा पर्याय देऊन ती भिंत फोडू नका, वेन्व्ह करा.

बारीकसारीक, पण रोजच्या

टर्मिनलमध्ये >>> दिसत असेल तर तुम्ही पायथनच्या आत आहात. तिथे ‘पिप इन्स्टॉल’ लिहिलं की ‘सिंटॅक्स एरर’ येणारच. ‘एक्झिट()’ लिहून बाहेर या, मग टाइप करा.

फाइलला ‘रँडम.पीवाय’ किंवा ‘टर्टल.पीवाय’ असं नाव देऊ नका. इम्पोर्ट करताना पायथन आधी तुमच्या फोल्डरमध्ये पाहतो, आणि खऱ्या रँडमऐवजी तुमचीच फाइल उचलतो. ३.१३ पासून पायथन स्वतःच फाइलचं नाव बदला असं सुचवतो. त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये नुसतं ‘हॅज नो ॲट्रिब्यूट’ दिसतं आणि कोडकडे कितीही टक लावून पाहिलं तरी चूक सापडत नाही.

विंडोज फाइलचं एक्स्टेन्शन लपवतं, त्यामुळे नोटपॅडमधली फाइल प्रत्यक्षात ‘हॅलो.पीवाय.टीएक्सटी’ असू शकते. एडिटरच्या टॅबवर ठिपका दिसत असेल तर फाइल सेव्ह झालेली नाही, आणि तुम्ही जुनाच कोड चालवताय. लेखातून कॉपी केलेल्या कोडमधली वळणदार अवतरणचिन्हं पायथनला कळत नाहीत. ती खोडून कीबोर्डवरून सरळ टाइप करा.

जावा आणि सी

जावात तोच प्रश्न वेगळ्या वेशात येतो. ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर’मध्ये ६५ आणि ६१ असे आकडे दिसले, तर प्रोग्राम जावा २१ ने कंपाइल झालाय (संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदललाय) आणि १७ वर चालवला जातोय. कंपाइल करणारं ‘जावासी’ एका फोल्डरमधून आलं, चालवणारं ‘जावा’ दुसऱ्यामधून. दोन्हींची आवृत्ती विचारून पाहा. जावा होम या पर्यावरण चलात जेडीकेचा (जावाच्या साधनांच्या संचाचा) मुख्य फोल्डर द्यायचा, त्यातला ‘बिन’ नाही.

सी शिकणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की व्हीएस कोड हा एडिटर आहे. कंपायलर त्याच्यासोबत येत नाही, तो वेगळा घालावा लागतो.

एरर कशी वाचायची, कशी विचारायची

पायथनची एरर खालून वाचा. काय बिघडलं ते शेवटच्या ओळीत असतं. सी आणि जावाच्या कंपायलरची मात्र वरून वाचा, कारण पहिल्या चुकीमुळे पुढच्या वीस निघालेल्या असतात.

मदत मागताना स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवू नका. एररचा पूर्ण मजकूर, तुम्ही टाइप केलेली कमांड, ऑपरेटिंग सिस्टिम आणि ‘व्हेअर पायथन’चं उत्तर एवढं कॉपी करून द्या. त्या पत्त्यांमध्ये तुमचं नाव दिसत असेल तर तेवढं बदला, पण बाकीचे फोल्डर जसेच्या तसे राहू द्या. मदत करणारा आधी तेच वाचणार आहे.