कच्चा लिंबू न ठेवता लहान मुलांचं क्रिकेट कसं खेळवावं

गल्लीत धाकट्या भावंडाला खेळायला घेतलं की त्याचा हुद्दा ठरलेला: कच्चा लिंबू. आउट झाला तरी आउट नाही, कॅच सोडला तरी कोणी ओरडत नाही. सोय मायेची आहे, पण त्यात ते पोर खेळतं कुठे? त्याला नियम माफ करण्यापेक्षा खेळच त्याच्या मापाचा करावा. आठ ते दहा वर्षांची आठ मुलं, सोसायटीचं आवार आणि सव्वा तास एवढ्यात हे बसतं.

१. खेळपट्टी कापा

मोठ्यांची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे २०.१२ मीटर. एवढ्या लांब चेंडू पोचवायचा तर नऊ वर्षांचं मूल हात फिरवत नाही, सरळ फेकतं. ऑस्ट्रेलियात या वयाला १६ मीटरची खेळपट्टी देतात. आपणही तेवढीच घ्यावी: मोठ्या माणसाची लांब टाकलेली अठरा पावलं. फक्कीने रेघा मारा. मोजणारा एकच हवा, नाहीतर पावलांवरूनच पहिलं भांडण होतं.

लेदरचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, टेनिसचा साधारण ५८. टेनिसचाच घ्या. बॅट मुलाला एका हाताने खांद्याइतकी वर धरायला लावा. लगेच खाली आली, तर ती दादाची बॅट आहे.

२. गडी वाटा

दोन कॅप्टन एकेक नाव पुकारतात तेव्हा शेवटी उरलेल्याचं तोंड बघवत नाही. त्यापेक्षा जुनी रीत बरी. सारख्या ताकदीचे दोघे बाजूला जाऊन गुपचूप नावं घेतात, एक आंबा, एक चिंच. कॅप्टन फळ मागतो, गडी आपोआप वाटले जातात. चार-चारचे दोन संघ झाले की टॉससाठी ओली-सुकी करा. खापरीच्या एका बाजूला थुंकीऐवजी पाण्याचं बोट लावलं तरी चालतं.

३. आउट झालेल्याला बसवू नका

सगळं गणित इथे आहे. पहिल्या रविवारी मी मोठ्यांच्या नियमांनी खेळवलं होतं. एकाची पहिल्याच चेंडूवर दांडी उडाली आणि तो पन्नास मिनिटं कट्ट्यावर चपलेने माती उकरत बसला. पुढच्या डावात बोल्ड झाल्यावर बॅट सोडेचना. "ट्राय बॉल होता!" बाकीचे ओरडले, "रडीचा डाव खडी!" पण एका चुकीला पन्नास मिनिटांची शिक्षा असेल, तर कोण रडी खाणार नाही?

म्हणून बॅटिंग जोडीने द्या. प्रत्येक जोडीला चार षटकं, म्हणजे संघाला आठ. आउट झालं की पाच धावा वजा, दोघांनी टोकं बदलायची आणि खेळ पुढे. धावा शून्याखाली जाऊ नयेत म्हणून दोन्ही संघांना सुरुवातीलाच १०० द्या.

बॉलिंग प्रत्येकाला दोन षटकं. वाइडला दोन धावा द्या, पण चेंडू पुन्हा टाकायला लावू नका; नाहीतर एक षटक अंधार पडेपर्यंत चालतं. दर षटकाला जागा बदला, कीपरही.

४. अंपायर मुलंच

बॅटिंग संघातली बसलेली जोडी मोकळी असते. एकाने अंपायर व्हायचं, दुसऱ्याने धावा लिहायच्या. आपल्याच गड्याला आउट द्यावं लागतं, आणि थोड्याच वेळाने तोच गडी आपला अंपायर असतो. तुम्ही मध्ये पडू नका. खरंच कळलं नाही, तर तो चेंडू पुन्हा. आईबाबांनी कट्ट्यावरून अपील करायचं नाही, हे आधीच सांगून ठेवा.

५. पाण्याच्या सुट्टीत एक गोष्ट

फेब्रुवारी १९८०, वानखेडे. इंग्लंडचे ५८ धावांत पाच गडी बाद. बॉब टेलरला अंपायरने झेलबाद दिलं. बॅट लागली नव्हती असं वाटून आपल्या कप्तानाने, गुंडाप्पा विश्वनाथने, त्याला परत बोलावलं. मग टेलर आणि बोथमने १७१ धावांची भागीदारी केली.

गोष्ट इथेच थांबवू नका. आमच्याकडे लगेच प्रश्न आला, "मग आपण जिंकलो?"

"हरलो. दहा गडी राखून हरवलं त्यांनी."

पोरं गप्प. मग एकीने विचारलं, "पण बॅट लागली नव्हती ना?" आणि अंपायरची टोपी घालून ती तिच्या जागेवर गेली.

६. रेघ मागे न्या

सहापैकी चार चेंडू सरळ पडायला लागले की खेळपट्टी दोन पावलांनी वाढवा. जुनी रेघ मुलांनाच पुसू द्या.