भाच्याचा बायोडाटा असा सुधारला

भाचा लातूरच्या आयटीआयमधून टर्नर, म्हणजे लेथवर धातू कातणारा कारागीर, झालेला. वाळूज, शेंद्रा एमआयडीसीत अर्ज टाकून टाकून थकला, एक फोन नाही. नेट कॅफेवाल्याने करून दिलेला बायोडाटा मागवला. वर गणपती, मग जात, वडिलांचा व्यवसाय, भोवती रंगीत वेलबुट्टी. स्थळ बघायला चालला असता.

ते सगळं उडवलं. नाव, मोबाईल, ट्रेड, पासिंगचं वर्ष, बस. मग विचारलं, "अप्रेंटिसशिपला नेमकं काय करायचास?"

"काही नाही ओ मामा, मशीन चालवायचो."

खोदून विचारल्यावर निघालं, गडी फानुक कंपनीच्या कंट्रोलच्या सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) लेथवर जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, सेट करायचा, टूल ऑफसेट (हत्याराच्या जागेचं माप) द्यायचा, मायक्रोमीटरने मापं तपासायचा. हे वरच्या अर्ध्या पानातच लिहिलं. 'मेहनती, प्रामाणिक' काढून टाकलं. ते तर सगळेच लिहितात.

शिवाय हा प्रिंटचा मोबाईलवर फोटो काढून पाठवत होता. ऑनलाइन अर्जाच्या सॉफ्टवेअरला फोटोतली अक्षरं वाचता येतीलच असं नाही, म्हणून वर्डमधून सरळ पीडीएफ केली. चौकटी, तक्ते नाहीत. आता जाहिरातीत 'सीएनसी ऑपरेटर' असेल तर शीर्षकात तेच, 'टर्नर' असेल तर ते.

शेंद्र्याहून ट्रेड टेस्टला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या परीक्षेला, बोलावलंय. सोमवारी जातोय.