‘पीडीएफ केलीय’ म्हणजे नेमकी कोणती? या चुका टाळा

दिवाळी अंकांचे दिवस आले की नारायण पेठेतल्या आमच्या डीटीपीच्या टेबलावर पेन ड्राइव्ह येऊ लागतात आणि सोबत ठरलेलं वाक्य येतं: ‘पीडीएफ केलीय, थेट छापायला टाका.’ फाइल उघडते, पडद्यावर छान दिसते, तरी प्रेसला चालत नाही. पीडीएफ आली १९९३ साली. पुढे कामाप्रमाणे तिचे वेगळे प्रकार ठरत गेले. छपाईसाठी पीडीएफ/एक्स, वर्षानुवर्षं जपून ठेवायला पीडीएफ/ए, अंध वाचकाला स्क्रीन रीडरवर ऐकता यावी म्हणून पीडीएफ/यूए. अभियांत्रिकी आराखड्यांसाठी ‘ई’ आणि दर प्रतीवर नाव-पत्ता बदलणाऱ्या बिलांसाठी ‘व्हीटी’ असेही प्रकार आहेत, पण आपला संबंध मुख्यतः पहिल्या तिघांशी येतो.

पहिली चूक म्हणजे जतनाची फाइल प्रेसला पाठवणं. पीडीएफ/ए मध्ये आरजीबी (पडद्याचे लाल-हिरवा-निळा) रंग चालतात, प्रेसला मात्र सीएमवायके (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी या चार शाईंचे) लागतात. पीडीएफ/एक्सच्या २००१ च्या एक्स-१ए या उपप्रकारात फक्त सीएमवायके आणि स्पॉट (आधीच मिसळलेल्या स्वतंत्र शाईचे) रंग चालतात, पारदर्शकता, म्हणजे खालचं आरपार दिसू देणारे थर, अजिबात चालत नाही. एक्स-४ मध्ये ती चालते. कव्हरवर सावल्या टाकल्या असतील तर कुठला प्रकार हवा ते प्रेसला आधी विचारा, आणि चारी बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड (कापणीसाठी पानाबाहेर वाढवलेली छपाई) सोडा.

मजकुराचा काळा रंग तर हमखास दगा देतो. वर्डमधला काळा रंग सीएमवायकेत बदलताना अनेकदा चारही शाईंचा होतो. मग मशीनवर एखाद्या शाईची प्लेट केसभर सरकली, की अनुस्वार आणि रफार दुहेरी दिसायला लागतात. ॲक्रोबॅटच्या ‘आउटपुट प्रिव्ह्यू’मध्ये काळ्या शाईची खूण काढून बघा. अक्षरं पूर्ण नाहीशी झाली तर ठीक. फिकट का होईना, मागे उरली, तर फाइल परत करायला घ्या.

आता जतन. पीडीएफ/ए चं एक्स्टेंशन वेगळं नसतं, .पीडीएफच असतं. ॲक्रोबॅट रीडरमध्ये वर दिसणारी निळी पट्टी म्हणजे फाइलने स्वतःबद्दल केलेला दावा. तो खरा आहे का हे व्हेरापीडीएफसारख्या मोफत तपासणीनेच कळतं. पासवर्ड घातलेली फाइल पीडीएफ/ए होऊच शकत नाही, आणि फॉन्ट फाइलच्या आतच असावे लागतात.

पण ही तपासणी पास झाली म्हणून मराठी मजकूर शाबूत राहिला, असं मात्र समजू नका. हे मी स्वतःच्या कामावरून शिकलो. एका संस्थेची स्मरणिका मी जुन्या, युनिकोडपूर्व (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या आधीच्या) फॉन्टमध्ये लावली होती. पीडीएफ/ए-१बी (पहिल्या आवृत्तीची ‘बी’ पातळी) काढली, तपासणीत एकही दोष आला नाही. तिच्यात १९६१ च्या पानशेतच्या पुराच्या आठवणींचा एक लांब लेख होता. पुढे कुणी त्या फाइलमध्ये ‘पानशेत’ शोधलं, तर एकदाही सापडलं नाही. मजकूर कॉपी केला तर रोमन अक्षरं आणि चिन्हांची गिचमिड आली. डोळ्यांना जे ‘पा’ दिसत होतं, ते आतून दुसरंच काही होतं.

‘बी’ पातळी फक्त दिसण्याची हमी देते. ‘यू’ पातळीत प्रत्येक अक्षराला युनिकोड मूल्य लागतं, पण ते मूल्य बरोबर आहे का हे यंत्र सांगत नाही. जुना फॉन्ट रोमन मूल्यं घेऊन तिथूनही सुटू शकतो. उपाय एकच: पानं लावण्याआधी मजकूर युनिकोडमध्ये आणा, कन्व्हर्टरने चुकवलेली जोडाक्षरं हाताने दुरुस्त करा आणि मग ए-२यू (दुसऱ्या आवृत्तीची ‘यू’ पातळी) काढा. शेवटी एक परिच्छेद नोटपॅडमध्ये चिकटवून ‘विद्यार्थी’, ‘कार्यक्रम’, ‘पुऱ्या’ असे शब्द वाचून बघा. युनिकोड फॉन्टमध्येही पहिली वेलांटी कधीकधी व्यंजनाच्या आधी येऊन बसते.

यूए साठी ‘प्रिंट टू पीडीएफ’ कधीच वापरू नका. शीर्षकं, परिच्छेद, तक्ते यांचे टॅग (कुठला मजकूर काय आहे हे सांगणाऱ्या आतल्या खुणा) त्यात गळून पडतात. वर्डमधून किंवा लिबरऑफिसमधून थेट एक्स्पोर्ट करा. भाषा ‘मराठी’ नोंदवली नाही तर स्क्रीन रीडर चुकीच्या भाषेच्या आवाजात वाचायला लागू शकतो. दोन रकान्यांच्या पानावर वाचनाचा क्रम स्वतः ऐकून तपासा. चित्राला पर्यायी मजकूर (चित्राचं शब्दांतलं वर्णन) आहे की नाही एवढंच यंत्र बघतं. ‘चित्र १’ एवढं लिहिलं तरी ते पास करतं, आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

डिजिटल सही नेहमी सगळ्यात शेवटी करा. सही झाल्यावर पीडीएफ/ए मध्ये बदल केला तर सही बाद होते. तसंच ईमेलची मर्यादा आडवी आली म्हणून फाइल एखाद्या संकेतस्थळावर ‘कॉम्प्रेस’ केली, तर चित्रांचं रिझोल्यूशन उतरतं आणि पीडीएफ/ए ची नोंदही जाऊ शकते. अशी फाइल पाठवण्याआधी पुन्हा तपासणीला लावा, आणि मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये तशीच राहू द्या.