वाईट सिनेमा नीट कसा पाहावा

माझ्या दुकानात एक मास्तर यायचे. हायस्कुलात मराठी शिकवायचे, केशवसुतांपासून मर्ढेकरांपर्यंत सगळे तोंडपाठ. आल्या आल्या चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात एखाद्या गंभीर, बक्षीसवाल्या सिनेमाची चौकशी करायचे. मी म्हणायचो, "बाहेर गेलाय, मास्तर." तो कधीच बाहेर गेलेला नसायचा, आणि हे आम्हा दोघांनाही ठाऊक असायचं. मग गर्दी पांगली की हळूच, "बरं, मग तो मारामारीचा आहे का रे?" कॅसेट वर्तमानपत्रात गुंडाळून, मासळी नेल्यासारखी काखेत मारून घरी.

गोव्यातल्या फोंड्यात माझी व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी होती. १९८८ साली काढली, सीडीवाल्यांनी मारली तेव्हा बंद केली. आता त्याच गाळ्यात झेरॉक्स आणि लॅमिनेशन चालतं. पण त्या पंधरा वर्षांत जे शिकलो ते कुठल्या समीक्षकाला कळणार नाही, कारण समीक्षक सिनेमा बघतो आणि मी परत आलेली टेप बघायचो.

दुकानात पाटी होती, 'कॅसेट रिवाइंड करून द्यावी, अन्यथा दोन रुपये.' नावाजलेले सिनेमे बहुतेक वेळा मध्येच थांबलेले परत यायचे. चाळीस-पन्नास मिनिटांवर. लोक निमूट दोन रुपये द्यायचे आणि "फार सुंदर होता" म्हणायचे. ज्यांना सगळे नावं ठेवायचे ते सिनेमे मात्र अगदी पहिल्या फ्रेमपर्यंत गुंडाळलेले, आणि एखाद्याच जागी टेप झिजलेली. तिथे आलं की पडद्यावर मुंग्या यायच्या. म्हणजे ती जागा घराघरांत पुन्हा पुन्हा मागे घेऊन पाहिलेली. 'माहेरची साडी'ची माझी कॅसेट बहीण सासरी निघते त्या गाण्यावर इतकी झिजली की मला दुसरी आणावी लागली. विजय कोंडक्यांचा १९९१चा सिनेमा, मूळ एका राजस्थानी सिनेमावरून घेतलेला. अलका कुबलच्या रडण्याची चेष्टा करणारे नवरेच ती कॅसेट न्यायला यायचे, "बायकोसाठी" म्हणून. बायका म्हणायच्या, "ह्यांनीच परत लावलं."

तेव्हा असा सिनेमा पाहायचा असेल तर पहिलं काम हे, 'बायकोसाठी' म्हणणं सोडा. मला हवाय, म्हणून लावतोय. एवढं कबूल झालं की निम्मं काम झालं.

मग निवड. इथे बरेच जण चुकतात. त्यांना वाटतं कुठलाही भिकार सिनेमा चालेल. नाही चालत. वाईट वेगळा आणि कंटाळवाणा वेगळा. कंटाळवाण्याला इलाज नाही, तो बंद करा आणि झोपा. मी एकच कसोटी लावतो, करणाऱ्याचा त्यावर विश्वास होता का? २००२चा 'जानी दुश्मन' घ्या, तो सापाचा. राजकुमार कोहलींनी १९७६ साली 'नागिन' केला होता, १९७९ साली याच नावाचा एक 'जानी दुश्मन' केला होता, दोन्ही तारेतारकांनी भरलेले. वीस-पंचवीस वर्षांनी मुलाला, अरमानला, इच्छाधारी नाग करून त्यांनी पुन्हा तोच घाट घातला. सनी देओल, अक्षय कुमार, सुनील शेट्टी, मनीषा कोईराला, अर्शद वारसी, आणि गाणं गायचं सोडून चक्क अभिनय करणारा सोनू निगम. पस्तिशी-चाळिशीतले बाप्ये कॉलेजची पोरं म्हणून वावरतात. आपल्या 'बनवाबनवी'तला शंतनू, सिद्धार्थ रे, तोही त्यात आहे. नाग रूपं बदलतो, कितीही मारलं तरी उठतो. पण नीट बघा. एका बापाने मुलाच्या मुंजीत अख्खा गाव जेवायला बोलवावा तसा तो सिनेमा आहे. पंगतीत मीठ जास्त झालंय, जिलबी कच्ची आहे, पण हात कुठेही आखडलेला नाही. असा सिनेमा निवडा.

हल्ली मुद्दाम वाईट केलेले सिनेमे निघतात, 'बघा आम्ही कसे मजेदार वाईट आहोत' असा डोळा मारत. ते टाळा. आपणहून घसरलेला माणूस आणि हसवायला पडून दाखवणारा माणूस यांतला फरक चार वर्षांच्या पोरालाही कळतो.

(कोणी 'झपाटलेला'चं नाव या यादीत घालू नये. तो चांगला सिनेमा आहे. रामदास पाध्यांच्या त्या बाहुल्यामुळे माझी भाची वर्षभर आपली बाहुली रात्री कपाटात कोंडून झोपायची. याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.)

आपल्याला गोव्यात एक जादा सोय आहे, जी पुण्या-मुंबईच्या माणसाला नाही. हिंदी सिनेमातला गोवा! नवख्याने सुरुवात इथूनच करावी. सिनेमात काय चुकलंय हे शोधायला अभ्यास लागत नाही, खिडकीतून बाहेर बघितलं की पुरे.

आमच्या घरात यासाठी चार सिनेमे ठरलेले आहेत. 'जोश', २०००चा, वास्कोत घडणारा. ईगल आणि बिच्छू अशा दोन टोळ्या भरदिवसा रस्त्यावर हाणामारी करतात, शाहरुख आणि ऐश्वर्या जुळी भावंडं आहेत. माझ्या वहिनीचं माहेर वास्कोचं. ती प्रत्येक वेळी आपली गल्ली शोधते, सापडत नाही, आणि प्रत्येक वेळी तेवढीच चिडते. 'सिंघम'मध्ये गाड्या उडतात. ३,७०२ चौरस किलोमीटरचं राज्य आपलं, इतक्या गाड्या उडाल्या तर दोन तरी शेजारच्या राज्यात पडायच्या. पण प्रकाश राजचा जयकांत शिक्रे आला की आमच्याकडे कोणी पाणी प्यायलाही उठत नाही.

'चेन्नई एक्सप्रेस' आमच्या मामासाठी. मामा कुळ्याला रेल्वेत होता. मुंबईहून चेन्नईला निघालेली गाडी पुणे-सोलापूर मार्गे जाते, ती कुळे ते कॅसलरॉकच्या घाटात दूधसागरासमोर येईलच कशी, हे तो उभा राहून, हातवारे करून, मार्गावरची स्टेशनं मोजत सांगतो. दर वर्षी. सगळे ऐकतात. आणि पडद्यावर दूधसागर आला की तोच ओरडतो, "आता गप्प बसा रे!"

चौथा १९८३चा 'पुकार'. हा फार जणांना आठवत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पोर्तुगीज राजवटीतला गोवा, मुक्तीची चळवळ, अमिताभ, रणधीर कपूर, झीनत अमान, टीना मुनीम, शिवाय आपले डॉक्टर लागू. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ला, म्हणजे गोष्ट त्याच्याही आधीची, पण कपडे, केस आणि राहुल देव बर्मनची गाणी बघाल तर ऐन ऐंशीच्या दशकातली. 'बच के रहना रे बाबा' ऐकताना सालाझारची आठवण कोणाला येईल? माझ्या वडिलांनी पाखल्यांचं, म्हणजे पोर्तुगीजांचं, राज्य डोळ्यांनी पाहिलेलं. मला वाटलं, भडकतील. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे बघितला आणि म्हणाले, "पाखले एवढं चांगलं हिंदी बोलत असते तर निदान भांडता तरी आलं असतं." पुढच्या महिन्यात स्वतःच म्हणाले, तो आपल्या गोव्याचा आण. मग एकदा पाहुणे आले म्हणून आणला. एकूण तीनदा पाहिला. इतिहास चुकीचा होता, पण त्यांच्या लढ्यावर कोणीतरी एवढा खर्च केला, अमिताभ लावला, हे त्यांना बरं वाटलं असावं. विचारलं नाही. अशा वेळी विचारू नये.

यात एक खडा आहे आणि तो गिळून टाकू नये. हिंदी सिनेमातला गोव्याचा ख्रिश्चन कायम प्यायलेला असतो. आमच्या शेजारी पोदेर, म्हणजे पाववाला, राहतो, पहाटे तीनला भट्टी पेटवणारा. तो आमच्याबरोबर बघायला बसतो आणि असा झिंगलेला अंकल आला की म्हणतो, "हांवें इतली घेतली जाल्यार सकाळीं तुमचे उंडे कोण भाजतलो मरे?" सगळे हसतात. तोही हसतो, पण मी बघितलंय, तो जरा कमी हसतो. म्हणून मी तो प्रसंग पुढे पळवत नाही आणि त्यावर विनोदही करत नाही. बघायचं, आणि त्याला काय म्हणायचंय ते त्याला म्हणू द्यायचं.

आता वेळ. एकट्याने, दुपारी, फोनवर असा सिनेमा बघाल तर नंतर खरोखरच अपराधी वाटेल. याला माणसं लागतात. आमच्याकडे मुहूर्त ठरलेला, चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. दीड दिवसाचा गणपती पोचवून आलो की रात्री मूळ घरात वीस-पंचवीस माणसं उरतात. मुंबईचे काका, बेळगावची आत्या, पोरंटोरं. माटोळी अजून डोक्यावर टांगलेली असते, नारळ, सुपारीचे घड, तोरिंगं. त्याखाली चटया टाकायच्या. नेवऱ्यांचा डबा मधोमध. मोठ्यांना चहा, ज्यांना चहा नको ते मागच्या दाराने जाऊन येतात, त्याबद्दल बोलायचं नाही. पूर्वी आम्ही व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही एका रात्रीसाठी भाड्याने द्यायचो, लोक पहाटेपर्यंत तीन सिनेमे काढायचे. आता एकच काढा, वय झालं. पावसाचे दिवस, वीज जाणारच. गेली तर मामाला पुढची गोष्ट सांगायला लावा. तो त्यात दोन मारामाऱ्या वाढवतो, आणि वीज आल्यावर खरा सिनेमा फिका वाटतो.

माणसांत एक तरी असा हवा ज्याने सिनेमा पाहिलेला नाही. त्याच्या तोंडाकडे बघण्यात अर्धी मजा आहे. सगळे संवाद पाठ असलेला एकच ठेवा, दोन झाले की त्यांची स्पर्धा लागते. आणि "पण हे शक्यच नाही" म्हणणाऱ्याला नेवऱ्या तळायला पाठवा. मामाला सूट आहे, तो रेल्वेचा आहे.

बघताना गाणी पळवू नका. असल्या सिनेमात अनेकदा गाण्यातच सगळा पैसा गेलेला असतो. मध्यंतर घ्या, टीव्हीवर असलात तरी घ्या, लेखकाने त्या क्षणासाठी मान मोडून काहीतरी रचलेलं असतं. हसा, जरूर हसा. पण एखादी आत्या पदर डोळ्याला लावत असेल तर तेवढं थांबा. मी एकदा थांबलो नव्हतो. 'माहेरची साडी'तच कुठेतरी काहीतरी पाचकळ बोललो. आत्या उठून स्वयंपाकघरात गेली. तिचा भाऊ, म्हणजे माझे वडील, तिच्या मागोमाग गेले आणि बराच वेळ दोघं बाहेर आले नाहीत. ती जागा कॅसेटवर का झिजते, ते मला त्या रात्री कळलं.

नंतरचं एक राहिलं. चारचौघांत सांगायचं कसं? २००४पासून इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत भरतो आणि नोव्हेंबरात आमचा भाचा गळ्यात पास अडकवून मांडवीच्या काठाने फिरतो. एकदा मलाही नेलं. रांगेत त्याच्या मित्राने विचारलं, काका, तुमचा आवडता सिनेमा? मी एका इराणी सिनेमाचं नाव ठोकून दिलं. आदल्याच दिवशी बघितला होता, आवडलाही होता, पण खोटं ते खोटं. रांग लांब होती, मनाला खात राहिलं. आत शिरायच्या आधी म्हटलं, "ते खरं नव्हे. सापाचा तो 'जानी दुश्मन'." तो पोरगा दोन क्षण बघत राहिला आणि मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "अंकल, माझ्याकडे आहे तो. चांगल्या प्रिंटचा." तेव्हा सांगायचं ते एवढंच, नाव घ्यायचं आणि गप्प बसायचं. 'पण', 'तसा', 'टाइमपास म्हणून' यातलं काही जोडायचं नाही.

मास्तर आता ऐंशीच्या पुढे गेलेत. गेल्या आठवड्यात झेरॉक्सला आले होते, आधारकार्डाच्या दोन प्रती. मी चवथीच्या रात्रीचं आमंत्रण दिलं. म्हणाले, "काय लावणार? एखादा अभिजात काहीतरी लाव." दुकानात तेव्हा दोन कॉलेजच्या मुली उभ्या होत्या. मी म्हटलं, "अभिजात बाहेर गेलाय, मास्तर." त्यांनी प्रती वर्तमानपत्रात गुंडाळल्या, मुली जाईपर्यंत थांबले आणि विचारलं, किती वाजता यायचं.