मृत्युपत्र केलंय, पण टिकेल का? या चुका टाळा

रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इकडच्या कितीतरी मराठी घरांत आज आई-वडील इंदूरला, एक मूल पुण्यात आणि दुसरं परदेशात अशी स्थिती आहे. मृत्युपत्र केलेलं असतं, मजकूरही चांगला असतो. अडतं ते शेवटच्या पानावरच्या साक्षीदारांच्या सह्यांवर. म्हणून आधी त्यांच्याबद्दलच सविस्तर लिहितो.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 63 प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकानं मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं किंवा ‘ही सही माझीच’ हे त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि मग त्याच्यासमोर स्वतःची सही करावी. प्रत्यक्षात होतं काय, काका सही करून कागद कपाटात ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी मुलगा तो शेजाऱ्यांकडे नेऊन सह्या घेऊन येतो. दिसायला कागद अगदी चोख. पण उलटतपासणीत शेजारी खरं काय ते सांगतात आणि सगळं मुसळ केरात जातं. दोघं साक्षीदार एकाच वेळी हजर हवेत असा कायद्याचा आग्रह नाही, तरीही तिघांना एकत्र बसवूनच सह्या करा.

साक्षीदार कोण, हेही तितकंच महत्त्वाचं. नेहरू पार्कात रोज बरोबर फिरणारे समवयस्क स्नेही विश्वासाचे असतात, पण ऐंशीच्या माणसानं ऐंशीच्याच स्नेह्याची सही घेतली तर साक्ष द्यायच्या वेळी कोण उरणार? मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करायचं तर हयात असलेल्या किमान एका साक्षीदाराला बोलवावंच लागतं. नोंदणी झालेली असली तरी यातून सुटका नाही. तेव्हा वयानं बराच लहान, इंदूरातच स्थायिक असलेला माणूस निवडा आणि त्याचा पूर्ण पत्ता लिहा. दोन्ही साक्षीदार गेलेच असतील, तर निदान एकाचं हस्ताक्षर आणि मृत्युपत्र करणाऱ्याची सही ओळखणारी माणसं, जुने चेक, बँकेचे फॉर्म शोधायला लागा. तो मार्ग कायद्यानं ठेवलेला आहे.

ज्याला घर मिळणार त्याला, किंवा त्याच्या बायकोला, साक्षीदार करू नका. ज्याला सगळ्यात जास्त मिळणार त्यानंच वकील गाठला, त्यानंच मजकूर सांगितला, असंही होऊ देऊ नका. सर्वोच्च न्यायालयानं 1959 मध्ये व्यंकटाचल अय्यंगार खटल्यात सांगितलं आहे की अशा संशयास्पद गोष्टींचं निरसन मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यानंच करायचं. वय झालं असेल, आजारपण असेल, तर नेहमीच्या डॉक्टरांचं त्याच दिवशीचं प्रमाणपत्र जोडा. एखाद्या मुलीला कमी देत असाल तर का, ते एका वाक्यात लिहा. मागे राहिलेल्यांना त्या एका वाक्याचा फार आधार होतो.

स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणीही सक्तीची नाही, पण जरूर करा. मराठीत लिहायला बिचकू नका, मनातलं आपल्या भाषेतच नीट उतरतं. फक्त नोंदणी अधिकाऱ्याला मराठी येत नसेल आणि जिल्ह्यात ती सर्रास चालत नसेल, तर नोंदणी कायद्याच्या कलम 19 प्रमाणे अनुवाद द्यावा लागतो. तेव्हा हिंदी अनुवाद आधीच तयार ठेवा. नंतर पेनानं खाडाखोड करू नका. बदल करायचा तर नवं मृत्युपत्र करा आणि त्यात ‘यापूर्वीची सर्व रद्द’ असं लिहा.

आता निधनानंतरच्या चुका. बँकेत किंवा शेअर्सवर आपलं नाव नॉमिनी म्हणून आहे, म्हणजे पैसे आपलेच, हा समज घराघरांत भांडणं लावतो. नॉमिनीनं रक्कम ताब्यात घ्यायची आणि वारसांना द्यायची. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2023 मध्ये शक्ती येझदानी खटल्यात हेच सांगितलं.

प्रोबेटबद्दल, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या शिक्कामोर्तबाबद्दल, मुंबईचे नातेवाईक घाबरवतात. हिंदू कुटुंबांसाठी प्रोबेट घेण्याची सक्ती मुंबई, चेन्नई आणि जुन्या बंगाल प्रांताच्या हद्दीपुरती होती. इंदूरच्या मृत्युपत्राला आणि इथल्या घराला ती लागू नव्हती. पण भावंडांत वाद असेल किंवा एखादी संस्था अडून बसली असेल, तर जिल्हा न्यायालयातून प्रोबेट घेणं शहाणपणाचं. ते मिळतं फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या निष्पादकाला, म्हणजे त्यातला मजकूर अमलात आणणाऱ्या माणसाला. कोणी नेमलेलाच नसेल तर मृत्युपत्र जोडून प्रशासनपत्रासाठी, म्हणजे मालमत्तेची व्यवस्था पाहायच्या कोर्टाच्या अधिकारपत्रासाठी, अर्ज करावा लागतो. मृत्युपत्र करतानाच एक नाव लिहिलं की हा फेरा वाचतो. घरासाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र मागत बसू नका, ते येणी आणि रोख्यांसाठी असतं.

नगर निगमात किंवा तहसिलीत नामांतरण झालं, म्हणजे नोंदीत आपलं नाव लागलं, की घर आपलं झालं, असंही समजू नका. सप्टेंबर 2021 मध्ये जितेंद्र सिंह खटल्यात, तोही मध्य प्रदेशातलाच, सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की नामांतरणानं मालकी सिद्ध होत नाही. ती नोंद महसुली कामापुरती असते. मृत्युपत्रावरूनच वाद असेल तर तहसीलदारासमोर तारखांवर तारखा घेण्यापेक्षा दिवाणी न्यायालयात जा.

मूळ प्रत कुठे आहे, हे निष्पादकाला आजच सांगा. एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ती ठेवू नका; लॉकर उघडून घेण्यातच महिने जाऊ शकतात. घरात भरवसा नसेल तर जिल्हा निबंधकाकडे सीलबंद पाकिटात जमा करता येते, आणि मृत्यूनंतर अर्ज केल्यावर ते पाकीट अर्जदारासमोर उघडलं जातं.