जुनी जीप घेताय? रंगावर जाऊ नका, खाली वाका

गगनबावडा-राधानगरीच्या पावसात वीस-पंचवीस वर्षं राबलेली महिंद्राची एमएम ५४० जीप नव्या रंगात चकाचक दिसली, की हात आपोआप खिशाकडं जातो. थांबा. आधी फ्रीजवरचा साधा लोहचुंबक आणि एक स्क्रू ड्रायव्हर घ्या. चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून मडगार्ड, दाराखालची पट्टी, मागचे कोपरे यांवरनं फिरवा. जिथं तो नीट धरत नाही, तिथं पत्र्यावर लांबीचा, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीचा, जाड थर आहे असं समजा.

पण पत्र्याचं काय एवढं नाही, कोल्हापूरच्या उद्यमनगरात नवा बसवून मिळतो. खरा जीव चासीत, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यात. जीप रॅम्पवर चढवा आणि मागच्या पाट्याच्या स्प्रिंगांचे हँगर, बॉडी जिथं बोल्टनं बसते त्या जागा आणि चासीच्या आडव्या पट्ट्या स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. टण्ण वाजलं तर ठीक. भद्द आवाज आला, तर तिथंच टोकानं दाबून बघा. मालकाला विचारून, बरं का! पापुद्रा सुटला किंवा टोक आत गेलं, तर चासी आतनं खाल्लीय. खालून ताजा काळा कोट मारलेला असेल, तर संशय दुप्पट.

रबरी मॅट उचलाच. सीटखाली, टेललाइटच्या आत वाळलेला बारीक गाळ सापडला, तर गाडी पुरात उभी होती का, हे स्पष्ट विचारा. २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर आपण पाहिलाय.

चासी नंबरच गंजून वाचता येत नसेल, तर भाव करत बसू नका, सरळ माघारी फिरा.